नागपूरहून अंदमानला 5 दिवस जायचंय, कुठं राहावं आणि काय बघावं?

भाऊ, 2 रात्री पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, आन 2 हॅवलॉक बेटावर, बस, उगाच सगळी बेटं कव्हर करत बसू नका. विमान चेन्नई, कोलकात्यासारख्या ठिकाणी बदलावं लागते. हॅवलॉकच्या फेरीबोटीचं तिकीट आधीच काढा. हॅवलॉकला हॉटेल गोविंदनगर-विजयनगर साइडला घ्या, जेवायचे ऑप्शन तिकडंच जास्त, राधानगर बीच तिथून स्कूटीनं अर्ध्या तासावर, पण डिसेंबरात सूर्य 5 च्या आसपासच बुडते बाप्पा, आम्ही आरामात चहा पीत बसलो आन पोचलो तर अंधार! पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलच्या 7 पैकी 3च विंग उरल्यात, तरी सावरकरांच्या कोठडीसमोर आमची बडबडी पोरगी एकदम गप्प. शंख-प्रवाळ बॅगेत नका टाकू, एअरपोर्टवर काढून घेतात.