मॉलिक्युलर बायोलॉजीत एमएस्सी करून नेमकं काय हाती लागतं?

तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारलंय की मॉलिक्युलर बायोलॉजी पुढे शिकायची तर त्यात वेगळं काय असतं, आणि दवाखान्यातल्या माणसाला त्याचा उपयोग काय. मी नागपुरातल्या एका निदान प्रयोगशाळेत अकरा वर्षं हेच काम करते, त्यातही बहुतेक सिकलसेल आणि थॅलसेमियाचं. म्हणून सिकलसेलवरूनच सांगते. आजार एकच, पण जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्यात येतो.

विदर्भात हा आजार नवा नाही. 'एएस' म्हणजे वाहक (जनुकाची एकच प्रत बिघडलेली) आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण (दोन्ही बिघडलेल्या), हे आमच्याकडे येणाऱ्या अनेक आयांना आधीच ठाऊक असतं. मूळ बिघाड डीएनएतल्या एका अक्षराचा. बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी येतं, त्यामुळे ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन बसतं. मग ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब दोऱ्या होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग यांनी 1949 साली याला 'रेणूचा आजार' म्हटलं. एवढं तुमचं बीएस्सीतच झालेलं असेल.

खरं शिक्षण पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं: समोरच्या ट्यूबमधल्या डीएनएत ते अक्षर बदललंय हे ओळखायचं कसं? एक जुनी पद्धत मला अजूनही फार आवडते. डीडीई-वन नावाचं एक एन्झाइम सीटी, मग कुठलंही एक अक्षर, मग एजी, असा क्रम दिसला की तिथे डीएनए कापतं. निरोगी जनुकात नेमक्या त्या जागी सीटीजीएजी आहे, म्हणजे कापलं जातं. सिकलसेलमध्ये तिथे सीटीजीटीजी होतं, म्हणून एन्झाइम त्या जागेला हात लावत नाही. तेवढ्या तुकड्याच्या पीसीआरने असंख्य प्रती काढायच्या, एन्झाइम घालायचं आणि जेलवर चालवायचं, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या, म्हणजे बँड, दिसतात. रुग्णाच्या लेनमध्ये न कापलेला मोठा बँड, निरोगी माणसाच्या लेनमध्ये लहान तुकडे, आणि वाहकाच्या लेनमध्ये दोन्ही. पहिल्यांदा हे जेल यूव्हीखाली पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नव्हते.

आता जी गोष्ट तुम्हाला मनापासून सांगायची आहे ती. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये माझ्या निगेटिव्ह कंट्रोलला बँड आला. त्या ट्यूबमध्ये डीएनएच्या जागी पाणी घातलं होतं, म्हणजे बँड यायलाच नको होता. बाकीच्या सगळ्या लेन सुंदर आल्या होत्या, मला वाटलं चालून जाईल. मॅडमनी अख्खं जेल बाद केलं. तीन आठवडे मी प्रत्येक वस्तू एकेक करून बदलत होते: पाणी, प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे), बफर, टिप्स. शेवटी सापडलं की पीसीआर झाल्यावर ट्यूबमधलं मिश्रण काढायला जे पिपेट वापरायचे, तेच नवीन मिक्स बनवायलाही वापरत होते, आणि त्यातून जुन्या प्रती नव्या ट्यूबमध्ये जात होत्या. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते दोन वर्षांच्या लेक्चरमध्ये शिकले नाही. आपल्याच निकालावर शंका घ्यायची आणि ती शंका फेडण्यासाठी कुठला कंट्रोल लावायचा हे ठरवायचं, 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणतात ते माझ्या लेखी हेच.

त्याचं मोल कळतं गर्भाच्या तपासणीत. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात डॉक्टर वारेच्या ऊतीचा लहानसा नमुना काढून पाठवतात. त्यात आईच्या पेशीही आलेल्या असतात. आम्ही आधी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने आईचा भाग वेचून बाजूला करतो. पांढऱ्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसतात त्या बाळाकडच्या. तरीही तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आईचा डीएनए शेजारी ठेवून काही मार्कर, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या डीएनएतल्या खुणा, तपासायचे आणि नमुन्यात आईची भेसळ नाही याची खात्री करायची. नाहीतर बाळ एसएस असताना रिपोर्ट एएसचा जाईल. त्या मार्करच्या किटमध्ये बऱ्याचदा लिंगाचा मार्करही असतो. तो कुणालाही सांगायचा नाही, गर्भलिंग सांगायला बंदी करणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे आणि तो हवाच.

उपचारांकडे आलं की विषय आणखी खुलतो. जन्माआधी बाळाच्या रक्तात वेगळं, गर्भीय हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशीला विळ्यासारखं वाकू देत नाही. जन्मानंतर बीसीएल11ए नावाचा प्रथिनरूपी स्विच ते बंद करत नेतो. रुग्णाच्याच रक्तातल्या मूलपेशी काढून क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्राने त्या स्विचची रक्तपेशींमधली ताकद तोडायची, म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, आणि पेशी परत द्यायच्या, असा कॅसजेव्ही हा उपचार आहे. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात. तिथली किंमत तेव्हा 22 लाख डॉलर ठरली, म्हणजे तेव्हाच्या दराने 18 कोटींच्या आसपास. पेशी परत देण्याआधी जोरदार केमोथेरपीही घ्यावी लागते. गडचिरोलीतल्या मुलाला हे कधी मिळणार, हा प्रश्न मला रोज छळतो. पण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार19 ही कार-टी थेरपी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी जनुकीय बदल करून परत द्यायची) उभी केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि अमेरिकेतल्या तशा उपचारांपेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. तेव्हा हे आपल्याकडे होऊ शकतं. ते करायला माणसं हवी आहेत, म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले.

प्रवेशाचं थोडक्यात: केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पाठिंबा असलेल्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी परीक्षा द्या. पीएचडी मनात असेल तर पुण्यातल्या एनसीसीएस (पेशीविज्ञान) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन) या संस्था, खारघरचं कर्करोग संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक, परळला केईएमच्या आवारातली रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था, ही नावं लक्षात ठेवा. कॉलेज निवडताना एकच चौकशी करा: विद्यार्थ्याला स्वतः पीसीआर लावायला मिळतो का, की सर करतात आणि बाकीचे भोवती उभे राहून बघतात? आमच्याकडे नोकरीला येणाऱ्या निम्म्या मुलांनी दोन वर्षांत हातात मायक्रोपिपेट धड धरलेलं नसतं, आणि चूक त्यांची नसते. सुरुवातीचा पगार इंजिनिअर मित्रांपेक्षा कमी असेल, हेही घरी आधीच सांगून ठेवा.

आणि परीक्षेनंतर सुट्टी असेल तेव्हा एक काम करा. एनसीबीआय या अमेरिकेतल्या जनुकांच्या माहितीसाठ्याच्या साइटवर एचबीबी, म्हणजे बीटा ग्लोबिनचं, जनुक फुकट पाहायला मिळतं. प्रथिनाचा संदेश एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी असा सुरू होतो. ते जीएजी सातवं येईल, जुन्या पुस्तकांत मात्र त्याला सहावं म्हणतात, कारण पहिलं मेथिओनिन मोजत नाहीत. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना बसतील असे दोन प्रायमर कागदावर लिहा, आणि तुकड्यात डीडीई-वन आणखी कुठे कापेल तेही शोधा. जमले की इथे खाली टाका, मी तपासून देते.