रिपोर्ट नॉर्मल असताना चिनी वैद्य ‘यकृत अडकले आहे’ म्हणतात, याचा अर्थ काय? औषध घ्यावे का?

एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या नॉर्मल, तरीही वैद्य यकृतालाच दोष देतात, हा आपला गोंधळ मला चांगलाच परिचयाचा आहे. याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या डॉक्टर दिरांचे अनेक वर्षांपासून वाजते आहे.

२०१२ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चीनमध्ये क्वांगचौला राहत होतो. रोज रात्री दोनच्या सुमारास मला जाग येई, बरगड्यांखाली दाटून येई आणि घशात आलुबुखारची बी अडकल्यासारखे वाटे. दुर्बिणीच्या तपासणीत काहीच निघाले नव्हते. शेजारीण मला एका वयस्क वैद्यबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी माझे मनगट छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, डाव्या हाताला मधल्या बोटाखाली, जिथे ते लोक यकृताची नाडी पाहतात, बराच वेळ घालवला, जिभेच्या कडा न्याहाळल्या आणि विचारले, “तुम्ही उसासे फार टाकता का?” मी चकितच झाले, कारण सासूबाई सांगलीहून फोनवर नेमके हेच विचारत असत. मग त्यांनी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधल्या खाचेच्या किंचित वर असे दाबले की मी ओरडलेच. तो बिंदू यकृताच्या वाहिनीवरचा (वाहिनी म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर प्राणशक्ती वाहण्याचा त्यांनी मानलेला मार्ग), आणि रात्री १ ते ३ ही वेळही त्यांच्या हिशेबात यकृताचीच.

भाऊजींनी फोनवरून तपासण्या करायला लावल्या. सगळे नॉर्मल आले. “वहिनी, तुमचे यकृत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, तुम्हाला गंडवले,” असे ते म्हणाले.

माझ्या मते चूक त्यांची होती. चिनी वैद्यकातले ‘गान’, म्हणजे यकृत, हा सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे, तर कामांचा एक गट. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात त्याला सेनापती म्हटले आहे, कारण डावपेच तिथून निघतात. रक्त साठवणे आणि शरीरातली प्राणशक्ती, म्हणजे ‘ची’, मोकळी वाहती ठेवणे ही त्याची मुख्य कामे. राग, डोळे, स्नायुबंध, नखे आणि वसंत ऋतू यांचे नाते त्याच्याशीच जोडलेले आहे. राग गिळत राहणाऱ्या माणसाची ‘ची’ तुंबते, असे ते मानतात, आणि त्यालाच ‘यकृत अडकले’ म्हणतात. हे आपल्याला परके वाटू नये. आपण दुःखाने ‘काळीज तुटले’ म्हणतो, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर खाटीक यकृतच तोलून देतो.

मला चीनमधल्या सोंग राजवटीपासून चालत आलेला ‘शिआओयाओ सान’ हा काढा मिळाला. त्यात पिओनी या फुलझाडाचे मूळ, पुदिना, आले वगैरे असते. तीन आठवड्यांत झोप लागू लागली. ती काढ्याने लागली की कशाचा राग येतो हे आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारले म्हणून लागली, हे मला सांगता येणार नाही.

आता भाऊजींच्या बाजूचेही लिहिणे भाग आहे. त्या यशाने शेफारून मी २०१५ मध्ये, कोणालाही न विचारता, केस पांढरे होतात म्हणून दुकानातून ‘हशौवू’ हे मूळ आणले. यकृत आणि मूत्रपिंड यांचे ते पोषण करते, अशी त्याची ख्याती आहे. महिन्याभरात लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले आणि एसजीपीटी नऊशेच्या वर गेले. चीनच्याच औषध नियामकाने २०१४ मध्ये या मुळामुळे यकृताला इजा होऊ शकते असा इशारा दिला होता, हे मला नंतर समजले. मूळ बंद केल्यावर दोन महिन्यांनी आकडे उतरले. भाऊजी हा किस्सा प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. मात्र रात्री दोनला येणारी जाग कोणत्या रिपोर्टात दिसली असती, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

आपण औषधाचे नाव लिहिलेले नाही. पुडीतल्या प्रत्येक घटकाचे नाव वैद्यांकडून लिहून घ्या, ती यादी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि औषध घेतलेच तर महिन्याभराने रक्त पुन्हा तपासा. हशौवू असेल तर मात्र घेऊच नका.