गरीब देशांत मुलं जास्त आणि श्रीमंत देशांत कमी, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: "गरीब देशांची लोकसंख्या वाढतच चाललीय आणि श्रीमंत देश रिकामे होत चाललेत, असं का? गरीब लोक विचार न करता मुलं होऊ देतात म्हणून का? आणि आपल्याकडे दोन मुलांचा कायदा करायला हवा का?"

मी या विषयाची तज्ज्ञ नाही. सोलापुरात प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं आणि शिक्षकांच्या गळ्यात पडतात ती सगळी कामं केली. त्यातलंच एक जनगणनेचं. १९९१ ला आणि २०११ ला मी प्रगणक होते आणि योगायोगानं दोन्ही वेळा माझा गट पूर्व भागातच आला. पूर्व भाग म्हणजे तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती. पुरुष मागावर, बायका विड्यांवर.

जनगणनेच्या तक्त्यात विवाहित बाईसाठी लागोपाठ दोन प्रश्न असतात. हयात मुलं किती? आणि आजवर जन्माला आलेली एकूण मुलं किती? तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या दोन रकान्यांनी दिलं.

१९९१ चा फेब्रुवारी. दाजी पेठेच्या अंगाला एक बोळ, दहा बाय बाराची खोली, शेजारून मागांची खटखट. आजी, सून आणि आठेक वर्षांची नात अशा तिघी सुपं घेऊन बसलेल्या. सून पान कापून विडी वळायची, नात विडीचं तोंड दुमडायची. पोरगी आमच्याच शाळेच्या पटावर होती, हजेरीत नव्हती. मला बघून तिनं सूप मागं सरकवलं, पण हात काही थांबले नाहीत. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळं तिची बोटं म्हणजे घरातली कमाईच.

आजींना मराठी बेताचंच. सुनेनं तेलुगूत विचारलं, "एंतमंदि पिल्ललु?" आजी म्हणाल्या, "तोम्मिदि." नऊ. हयात चार. मी लिहीत होते तोवर आजींनी बोटं मोजली आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून म्हणाली, "दहा लिवा बाई. एकाचं नाव ठिवायच्या आतच गेलं, म्हणून मोजायचं राहिलं." मी नऊ खोडून दहा केलं.

वीस वर्षांनी तोच बोळ. ती विडीवाली पोरगी आता अठ्ठावीसची होती. नात्यातच दिलेली, त्यामुळं सासर तीन दारं पलीकडं. हयात मुलं? "दोन." एकूण जन्मलेली? ती माझ्याकडं बघतच राहिली. "आत्ताच सांगितलं की ओ मॅडम, दोन." प्रश्न दोनदा का विचारला हेच तिला कळेना. तिच्या आजीला तो प्रश्न बरोबर कळला होता.

आता देशांकडं येऊ. माणसं जास्त जन्मली म्हणून लोकसंख्येचा स्फोट झाला, असं आपण समजतो. खरं तर जन्म पूर्वीही तेवढेच होते, मरणं कमी झाली. १९११ ते १९२१ या दशकात भारतात दर हजारी साधारण ४८ जन्म आणि जवळपास तेवढेच मृत्यू असा हिशेब होता. प्लेग, दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी तर त्या दशकात देशाची लोकसंख्या सात-आठ लाखांनी घटवली. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. वारीच्या गर्दीत पटकी, म्हणजे कॉलरा, सुटायची आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायची. मरीआईची ठाणी गावांच्या वेशीवर उगीच नाहीत. अशा काळात दहा मुलं जन्माला घालणारी आजी अडाणी नव्हती. म्हातारपणी दोघं-चौघं तरी उरावीत, एवढा तिचा साधा हिशेब होता.

मग लसी आल्या, शुद्ध पाणी आलं, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं. मरणं झपाट्यानं उतरली. जन्म मात्र लगेच उतरत नाहीत, कारण मुलं जगतात यावर विश्वास बसायला एक पिढी जाते. या मधल्या काळात लोकसंख्या फुगते. १९५१ ला आपण ३६ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी झालो. युरोप याच वाटेनं गेला, फक्त शंभर-दीडशे वर्षं आधी आणि सावकाश, आणि वरचे कोट्यवधी लोक त्यांनी अमेरिका-ऑस्ट्रेलियाला धाडले. आपल्याला ती सोय नव्हती. याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात. गरीब आणि श्रीमंत देश एकाच वाटेवर आहेत, वेगवेगळ्या मुक्कामांवर.

आज सगळ्यात मागच्या मुक्कामावर जे देश आहेत, त्यांतला एक आफ्रिकेतला नायजर. तिथं बाईला सरासरी सहा मुलं होतात. पण तिथंच हजारातली शंभराहून जास्त मुलं पाचव्या वाढदिवसाआधी जातात आणि चारातल्या तीन मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. आजींच्या बोळात आणि नायजरात मला फारसा फरक दिसत नाही. निम्मा देश पंधरा-सोळा वर्षांच्या आतला. दुसऱ्या टोकाला जपान, तिथं निम्मा देश एकोणपन्नाशीच्या आसपास किंवा पुढं. २०२३ मध्ये जपानात सुमारे ७ लाख २७ हजार मुलं जन्मली आणि जवळपास १५ लाख ७६ हजार माणसं गेली. गंमत बघा, हजारी मृत्यू मोजले तर जपानचा आकडा भारताच्या जवळजवळ दुप्पट निघतो. तिथलं आरोग्य वाईट म्हणून नव्हे, म्हातारी माणसं जास्त म्हणून. नुसता मृत्युदर बघून देश कसा आहे ते ठरवू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता "गरीब म्हणून मुलं जास्त" याबद्दल. हे अर्धंच खरं आहे. बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा तिथं बाईमागं जवळपास सात मुलं होती, आता दोनाच्या जरा वर. हे व्हायला बांगलादेश श्रीमंत होईपर्यंत थांबावं लागलं नाही. आरोग्यसेविका घरोघरी साधनं घेऊन गेल्या, मुलं जगायला लागली, मुली शाळेत आणि पुढं कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या. इराणातही ऐंशीच्या दशकात सहाच्या वर असलेला आकडा वीस-पंचवीस वर्षांत दोनाच्या खाली आला, तोही खेड्यापाड्यांतल्या आरोग्य घरांच्या जोरावर.

आपल्याकडचा २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा बघा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढं शिकलेलीला १.८. माझ्या मते सगळ्यात मोठी किल्ली हीच आहे. शाळेत जाणारी मुलगी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढत नाही, पहिलं मूल उशिरा होतं, आणि मुख्य म्हणजे "आता बास" म्हणायला तिला घरात तोंड असतं. त्यातच मूल स्वतः शाळेत जायला लागलं की त्याची कमाई बंद होते आणि खर्च सुरू होतो. त्या विडीवाल्या पोरीची आई तिला सुपापाशी बसवत होती आणि मोठी झाल्यावर ती पोरगी मुलांच्या इंग्रजी शाळेची फी भरायला विड्या वळत होती. विड्या त्याच, हिशेब उलटा.

(र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं! सरकारी कार्यक्रम १९५२ ला आला, तोही जगातला पहिला. मग १९७६ ला आणीबाणीत जबरदस्तीच्या नसबंदीनं त्या कामाची पार माती झाली. पुढं कितीतरी वर्षं पुरुष शस्त्रक्रियेचं नाव काढलं की उठून जायचे. आजही शस्त्रक्रिया बायकाच करून घेतात, हे वेगळं सांगायला नको.)

त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशात बाईमागं सरासरी २.० मुलं, महाराष्ट्रात १.७, बिहारात ३.०. लोकसंख्या जिथल्या तिथं राहायला साधारण २.१ लागतात, म्हणजे देश म्हणून आपण त्या रेषेच्या खाली आलोय. मग लोकसंख्या अजून का वाढतेय? हा प्रश्न मला शाळेत सहकारीसुद्धा विचारायचे. कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आया होताहेत. प्रत्येकीला मुलं कमी, पण आयाच इतक्या की बेरीज वाढतीच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास शिगेला पोचेल आणि मग उतरेल. चीनची २०२२ पासूनच घटतेय. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये ज्या चीनमध्ये गेले तो गरीब, रोगराईनं आणि लढाईनं पिचलेला देश होता. तोच देश आधी एका मुलाचा नियम करून बसला, २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मुलांना परवानगी देऊन मोकळा झाला, तरी पाळणे हलेनात.

श्रीमंत देशांत मुलं इतकी कमी का, याचं उत्तर मला तितकंसं सरळ वाटत नाही. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास बाईमागं सहा मुलं होती, २०२३ ला ०.७२. घरं महाग, शिकवण्यांचा खर्च अफाट, ऑफिसचे तास लांब, आणि मूल झालं की बाईनंच नोकरी सोडायची ही अपेक्षा. मग बाई म्हणते, नकोच. सरकारनं पैसे वाटले तरी आकडा फारसा वर आला नाही. मुलं कमी कशी होतात ते जगाला कळलंय, वाढवायची कशी ते अजून कुणाला नीट जमलेलं दिसत नाही.

आणि जन्म-मृत्यूबरोबर तिसरी गोष्ट असते ती ये-जा. अमेरिकेत बाईमागं १.६ च्या आसपास मुलं आहेत, तरी लोकसंख्या वाढते, कारण बाहेरून माणसं येतात. आमच्या शहराचं उलट. १८७७ ला इथं जुनी मिल निघाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, आणि तेलंगणातली विणकर घरं कामासाठी इथं येत राहिली. गिरण्या बंद पडल्या तशी पावलं उलटी वळली. २००१ ला शहर सुमारे ८ लाख ७२ हजार होतं, २०११ ला ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के. पोरं शिकली की पुण्याला. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला सोडायला आलेले आई-बाप बघायचे असतील तर सुट्टी संपल्यावर स्टेशनवर जा. माझ्या गल्लीत अकरा घरं, त्यातल्या सहा घरांत साठीच्या पुढची दोनच माणसं राहतात. आमच्याकडंही तेच, मुलगा हडपसरला. जपानबद्दल वाचताना मला फार लांबचं वाचतेय असं वाटत नाही.

फरक एवढाच की जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ व्हायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली, जपानला चोवीस. आपण ७ टक्क्यांची रेघ नुकतीच ओलांडलीय, आणि विड्या वळून म्हातारी झालेल्या बायकांच्या पेन्शनची रक्कम सांगायलाही लाज वाटते. मला काळजी या बाजूची आहे.

राहिला कायदा. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, म्हणजे एक नियम आहेच. आंध्रनं असाच नियम २०२४ ला काढून टाकला, कारण तिथं आता उलटी चिंता लागलीय. सरसकट कायद्याच्या मी विरोधात आहे. जिथं मुलं जास्त होतात तिथं मुली शाळेतून गळतात आणि बाळं दगावतात, ते कायद्यानं थांबत नाही. जिथं हे थांबलंय तिथं कायद्याला काम नाही.

२०२१ ची जनगणना लांबली, आता १ मार्च २०२७ च्या हिशेबानं होईल. मी निवृत्त, त्यामुळं ड्युटी नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत पहिलीच्या तीन तुकड्या होत्या. शेवटच्या वर्षी एक, आणि तिच्यात एकोणीस मुलं. काही इंग्रजी माध्यमानं नेली हे खरं. पण आम्ही जूनमध्ये पट भरायला घरोघर फिरायचो तेव्हा बऱ्याच दारांत सहा वर्षांचं मूलच नसायचं.