'विसरून जा' हा सल्ला का लागू पडत नाही?

प्रश्न : माझे पती सैन्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. एका लढाईत त्यांचा जिवाभावाचा सहकारी त्यांच्या शेजारीच गेला. अजूनही ते रात्री ओरडत उठतात आणि दाराकडे पाठ करून कधीच बसत नाहीत. 'झाले गेले विसरून जा' असे म्हटले की ते चिडतात, नाहीतर दिवसभर बोलत नाहीत. इतक्या वर्षांनी असे का व्हावे? आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पतींना ती घटना विसरता येत नाही, असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या मनात अजून भूतकाळात जमाच झालेली नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. एरवीच्या आठवणीसोबत 'हे तेव्हा घडले' ही जाणीव असते. जिवावरच्या प्रसंगाची आठवण मात्र पुष्कळदा वास, आवाज, घाम आणि धडधड होऊन येते आणि शरीर तो प्रसंग आत्ता चालू असल्यासारखे वागते. दारावर नजर ठेवणे, झोपेतही सावध राहणे या रणांगणावर जीव राखणाऱ्या सवयी होत्या, आणि त्या धोक्याबरोबर संपत नाहीत, यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही.

हे दुखणे जुने आहे. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांची धडधड आणि धाप डॉ. जेकब मेंडेस डा कोस्टा यांनी 1871 मध्येच नोंदवली होती. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' (तोफगोळ्याच्या स्फोटाचा धक्का) हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. परंतु तोफगोळ्याच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसल्याने पुढे मायर्स यांनाच तो शब्द चुकीचा वाटू लागला. त्याच युद्धात पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या, आणि त्यांना माफी मिळायला 2006 साल उजाडले. त्यांतले काही मनाने कोलमडलेले होते, हे वाचल्यापासून 'मन घट्ट करा' हे शब्द मला सोसवत नाहीत. व्हिएतनाम युद्धानंतर, 1980 मध्ये, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पीटीएसडी' (आघातानंतर मागे राहणारा मानसिक तणावविकार) हे निदान आपल्या अधिकृत यादीत घेतले.

आपल्या पत्रातील सहकाऱ्याच्या उल्लेखापाशी मी थांबलो. 'तो गेला आणि मी कसा राहिलो?' हा प्रश्न अनेक सैनिकांना भीतीपेक्षाही अधिक पोखरतो, आणि 'विसरून जा' म्हणजे 'त्याला विसर' असे त्यांना ऐकू येत असेल, तर त्यांची चीड समजण्यासारखी आहे. म्हणून तो सल्ला आता थांबवावा. खोदून विचारू नये. त्या मित्राचे नाव त्यांच्या तोंडी आले, तर मात्र विषय न बदलता ऐकावे. दुःस्वप्नात त्यांना हलवून उठवू नये. थोड्या अंतरावरून, नावाने, शांतपणे हाक मारावी.

घरच्या ऐकण्याने आधार मिळतो, पण उपचार होत नाहीत. आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे तीच आठवण सुरक्षित वातावरणात, हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि तिचा दाह कमी होऊ लागतो. काहींना औषधांचीही मदत होते. नऊ वर्षे उलटली म्हणून उशीर झाला, असे मानू नये. झोपेसाठी दारूचा आधार घेतला जात असेल, तर तेही तज्ज्ञांना सांगावे. जगणे नकोसे झाल्याचे शब्द आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्यांना एकटे सोडू नये. नऊ वर्षे आपणही त्या रात्री जागल्या आहात. तज्ज्ञांपुढे आपल्या स्वतःच्या झोपेविषयीही जरूर बोलावे.