वनस्पतीच्या लॅटिन नावात शेवटी एक 'आय' की दोन? जुन्या लेबलवरचं नाव दुरुस्त करावं का?

तुमच्या हर्बेरियम शीटवर (वाळवलेली वनस्पती चिकटवलेल्या कागदावर) 'विल्सनी' एका आयने लिहिलंय, पुस्तकात दोन आय आहेत. नाव विल्सन नावाच्या पुरुषाचं असेल तर दोन आय बरोबर. सुधारायला कुणाची परवानगी लागत नाही, नाव नव्याने प्रसिद्धही करावं लागत नाही. मूळ लेखक आणि साल तेच राहतं.

वनस्पती-नामकरण संहितेचा नियम असा: पुरुषाचं आडनाव व्यंजनाने संपत असेल तर षष्ठीला दोन आय (विल्सन, वालिच), 'ए' सोडून इतर स्वराने किंवा 'ईआर'ने संपत असेल तर एकच (हेन्री, हूकर). उच्चार नाही, रोमन अक्षरं बघायची. याविरुद्ध छापलेला प्रत्यय ही चूकच धरतात.

पण आधी नाव कुणाचं ते शोधा. बर्बेरिस विल्सोनिए हे झुडूप संग्राहक विल्सनच्या बायकोच्या नावाचं आहे. नाव देणाऱ्या हेम्सलीने त्याचा शेवट 'एनएई' असा छापला, बाईच्या नावाच्या नियमाने तो 'एनआयएई' झाला. तिथे कुणी उत्साहाने दोन आय लावले, तर बायकोचा मान परस्पर नवऱ्याला! तसंच पायनस वालिचियाना. तो शेवट विशेषणाचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

प्रत्ययाच्या आधीचा भाग मात्र सहसा बदलत नाही. तिथे उघड छपाईची चूक असावी लागते. 1880 मध्ये एक गुलाब 'पिसार्ती' म्हणून छापला गेला, माणूस होता पिसार्ड. आधी 'टी'चा 'डी' झाला, मग एका आयचे दोन. याउलट लिनियसने वनस्पतिशास्त्रज्ञ वैयांच्या नावावरून वनस्पतीचं नाव 'व्हॅलँशिया' केलं ते जाणूनबुजून, म्हणून ते तसंच राहतं. विस्टेरिया या फुलवेलीचंही तेच. डॉक्टरांचं आडनाव विस्टार, पण नाव देणाऱ्या नटॉलने 1818 मध्ये 'ए'च्या जागी 'ई' लिहिला. 'ए' लिहिणारे हट्टी लोक अजून भेटतात; माझ्या मते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पक्षी-फुलपाखरांच्या यादीत हे करू नका. प्राण्यांची संहिता वेगळी, तिथे मुळात एक आय असेल तर एकच राहतो.

आणि लेबलवर खाडाखोड नको. शीटवर वेगळी चिठ्ठी चिकटवा: सुधारलेलं नाव, तुमचं नाव, तारीख. संगणकावर यादी करत असाल तर लेबलवरचं नाव जसंच्या तसं एका रकान्यात आणि सुधारलेलं दुसऱ्या रकान्यात ठेवा, म्हणजे जुन्या स्पेलिंगने शोधणाऱ्यालाही नमुना सापडेल.