रॉबर्ट सेसिल, क्रॅनबोर्न आणि सॉल्झबरी: तीन नावं, माणूस एकच

प्रश्न असा होता: 1860 च्या आसपासच्या कॉमन्समधल्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या लोकनियुक्त सभागृहातल्या, भाषणांत 'लॉर्ड रॉबर्ट सेसिल' भेटतो, 1866 मध्ये भारतमंत्री (हिंदुस्थानचा कारभार पाहणारा लंडनमधला मंत्री) म्हणून 'क्रॅनबोर्न' येतो आणि 1874 मध्ये त्याच खात्यावर 'सॉल्झबरी'. हे तिघं कोण, आणि लॉर्ड असलेला माणूस कॉमन्समध्ये कसा बसतो?

तिघं एकच: पुढे तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला माणूस. मार्क्वेस म्हणजे ड्यूकखालोखालचा सरदार. त्याच्या धाकट्या मुलांना स्वतःच्या नावाआधी 'लॉर्ड' लावण्याचा मान असतो आणि थोरला मुलगा वडिलांच्या दुय्यम पदव्यांपैकी एक वापरतो. सॉल्झबरी घराण्यात ती पदवी व्हायकाउंट क्रॅनबोर्न. हे दोन्ही नुसते शिष्टाचाराचे मान. कायद्याच्या नजरेत तो सामान्य नागरिकच, म्हणून त्याला कॉमन्सची निवडणूक लढवता येते. वडील वारले की खरी पदवी अंगावर येते आणि त्या काळी त्या दिवसापासून कॉमन्सचं दार बंद होऊन लॉर्ड्सचं, म्हणजे सरदारांच्या सभागृहाचं, उघडायचं.

आता तारखा लावून पाहा. जन्म 3 फेब्रुवारी 1830, हॅटफील्ड हाउस. ऑगस्ट 1853 मध्ये स्टॅमफर्डहून कॉमन्समध्ये. हा मतदारसंघ एक्झेटरच्या मार्क्वेसच्या मुठीतला होता; 1868 पर्यंत तिथे याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. जून 1865 मध्ये थोरला भाऊ वारला, म्हणून हा क्रॅनबोर्न झाला. 12 एप्रिल 1868 ला वडील गेले आणि हा तिसरा मार्क्वेस ऑफ सॉल्झबरी झाला. जुन्या मराठी मजकुरात 'सॅलिसबरी' असंही छापलेलं सापडतं, तोही हाच.

इथे एक चूक हमखास होते. याच्या तिसऱ्या मुलाचं नावही रॉबर्टच, आणि 1937 चं शांततेचं नोबेल मिळालेला राष्ट्रसंघवाला (लीग ऑफ नेशन्सवाला) लॉर्ड रॉबर्ट सेसिल तो. म्हणून एप्रिल 1868 नंतर 'लॉर्ड रॉबर्ट सेसिल' दिसला तर मुलगा समजा. 'क्रॅनबोर्न' दिसला तर थोरला मुलगा जेम्स. आणि लिहिताना 'लॉर्ड रॉबर्ट' चालेल, 'लॉर्ड सेसिल' चालणार नाही. धाकट्या मुलाचा 'लॉर्ड' पहिल्या नावाला चिकटतो, आडनावाला नाही.

सरंजामी घराण्यातला म्हणून आयतं बसून खाल्लं असेल असं वाटू शकतं. तसं नव्हतं. 1857 मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिना ऑल्डरसनशी, लग्न केलं आणि पुढची काही वर्षं घरखर्चाला हातभार लागावा म्हणून नियतकालिकांत भरपूर लिहिलं. कागद बारकाईने वाचायची सवय त्याला कायमची होती. 1867 मध्ये अर्थमंत्री डिझरायलीने मतदानाचा हक्क वाढवणारं विधेयक आणलं तेव्हा मंत्रिमंडळाला दाखवलेले देशभराचे एकत्र आकडे निर्धास्त करणारे होते. क्रॅनबोर्नने रविवारी, 24 फेब्रुवारीला, बसून शहरवार हिशेब केला. लहान शहरांत नवे मतदार जुन्यांना सहज झाकून टाकतील हे त्यातून दिसलं आणि 2 मार्चला तो आणि कार्नार्वन व जनरल पील हे आणखी दोन मंत्री असे तिघं मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याचा लोकशाहीविरोध पटो न पटो, सरासरी आकड्यामागे काय लपतं हे त्या मंत्रिमंडळात त्याच्याइतकं कोणी तपासलं नव्हतं.

भारतमंत्रिपदाच्या या पहिल्या, जेमतेम आठ महिन्यांच्या खेपेत ओरिसाचा दुष्काळ चालू होता. धोक्याचे इशारे येऊनही त्याने सुरुवातीचे दोन महिने हालचाल केली नाही. सुमारे 10 लाख माणसं गेली. ही बोच त्याला जन्मभर राहिली.

मराठी वाचकाने खरी नजर ठेवायची ती 1874 ते 1878 या दुसऱ्या खेपेवर. तो पंतप्रधान झाला म्हणून सगळे 1885 च्या पुढचं वाचतात, पण आपल्याकडच्या घरादारांवर परिणाम झाला तो या चार वर्षांत.

एप्रिल 1875 च्या त्याच्या टिपणातलं एक वाक्य दादाभाई नौरोजींनी पुन्हापुन्हा उद्धृत केलं: हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे, तर नस तिथे उघडा जिथे रक्त साचलंय, आधीच अशक्त झालेल्या भागाची नको. बहुतेक ठिकाणी याचा पहिला तुकडाच दिला जातो. पूर्ण टिपणाचा रोख असा की शहरांना सोडून शेतकऱ्यावर कराचा भार टाकणं चुकीचं आहे, आणि इथला बराच महसूल थेट मोबदल्याशिवाय बाहेर जातो. दादाभाईंना हवी होती ती ही दुसरी कबुली, खुद्द भारतमंत्र्याच्या हातची. पुढच्याच महिन्यात, 12 मे ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं (कर्जाचे कागद) जाळली.

त्याच एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढलं. रेसिडेंटवरच्या (दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीवरच्या) विषप्रयोगाच्या चौकशीत सहा सदस्य तीन-तीन असे फुटले होते, म्हणून घोषणेत कारण दिलं गैरकारभाराचं. मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक आला, तेच सयाजीराव.

1876 मध्ये सनदी (आयसीएसच्या) परीक्षेची कमाल वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणली. परीक्षा लंडनला, म्हणजे इथल्या मुलाला शाळकरी वयातच बोटीवर चढवावं लागणार. ते किती घरांना जमणार होतं? सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा देशभरचा दौरा यावरूनच उभा राहिला. परदेशी कापडावरची 5 टक्के जकात काढा, हा लँकेशरच्या गिरणीवाल्यांचा आग्रहही त्याने लावून धरला आणि व्हाइसरॉय नॉर्थब्रुकशी त्याचं बिनसलं. मुंबईच्या कोवळ्या गिरण्यांना ते झोंबणारच होतं. आणि 1876-78 चा दुष्काळ: सरकारने दुष्काळी भागात पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, पण व्हाइसरॉय लिटनच्या काटकसरीला लंडनहून आडकाठी झाली नाही. ओरिसाची बोच असलेल्या माणसाकडून हे व्हावं, याचं समाधानकारक उत्तर देता येत नाही.

एप्रिल 1878 मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला आणि बर्लिनच्या परिषदेला गेला. पंतप्रधानपद तीनदा: 1885-86, 1886-92, 1895-1902. यातल्या बहुतेक काळात परराष्ट्रखातंही स्वतःकडेच. 10 डाउनिंग स्ट्रीटचं घर असतं ट्रेझरीच्या फर्स्ट लॉर्डचं. हे पद सहसा पंतप्रधानच घेतो, पण ते त्याने काही महिने सोडता दुसऱ्यांना दिलं. त्यामुळे त्या काळी 'फर्स्ट लॉर्ड' म्हणून बाल्फोरचं नाव आलं तर पंतप्रधान बदलला असं समजू नका. बाल्फोर हा त्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. मराठीत 'पुतण्या' छापलेलं दिसलं तर दुरुस्त करून वाचा. लॉर्ड्समध्ये बसून सरकार चालवणारा हा शेवटचा पंतप्रधान.

दादाभाई 1886 मध्ये होबर्नमधून हरले होते. त्याबद्दल नोव्हेंबर 1888 मध्ये एडिंबरोच्या भाषणात सॉल्झबरी म्हणाला की ब्रिटिश मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देईल इतके आपण अजून पुढे गेलेलो नाही. गोऱ्या वर्णाच्या पारशी माणसाला असं म्हटल्यामुळे इंग्लंडभर गवगवा झाला आणि दादाभाईंचं नाव घराघरांत गेलं. जुलै 1892 मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. याच निवडणुकीने सॉल्झबरीचं दुसरं सरकार गेलं.

22 ऑगस्ट 1903 ला तो हॅटफील्डलाच वारला. तेव्हा बंगालच्या फाळणीच्या काळातल्या कागदांत 'सॉल्झबरी' दिसला तर तो थोरला मुलगा जेम्स, चौथा मार्क्वेस.