वाचकांचे प्रश्न : आयटीआय, शिष्यवृत्ती आणि रात्री चुरचुरणारे डोळे

प्रश्न : मुलगा सोलापूरला आयटीआयत इलेक्ट्रिशियन करतोय. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात दमडी नाही. बँकवाले म्हणतात, आधार लिंक आहे. मग अडलंय कुठे? (एक पालक, मोहोळ)

बँक खोटं बोलत नाही, अर्धंच सांगते. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि बँकांमधली पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत आधार क्रमांकापुढे त्या बँकेचं नाव असणं वेगळं. आधारवर येणारे पैसे दुसऱ्या नोंदीप्रमाणे जातात आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. मुलाने मध्यंतरी मोबाइलच्या दुकानात किंवा पोस्टात अंगठा देऊन नवं खातं उघडलं असेल, तर नोंद तिकडे सरकलेली असू शकते. म्हणून आधी ते विसरलेलं खातं तपासा.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ‘मायआधार’ संकेतस्थळावर मुलाच्या आधार क्रमांकाने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ (ही नोंद कोणत्या बँकेची आहे ते) बघा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठा. बँकेचं नाव चुकीचं असेल किंवा स्थिती ‘इनॅक्टिव्ह’ दाखवत असेल, तर हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचं संमतीपत्र भरून द्या आणि पोच मागून घ्या. “लिंक करा” एवढंच म्हणालात तर परत केवायसीच करून देतील! काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा. महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये ‘रिडीम’चा, म्हणजे मंजूर रक्कम खात्यात मागवून घेण्याचा, टप्पा बाकी आहे का, तेही बघून घ्या, बऱ्याच जणांचं तिथेच अडतं.

प्रश्न : वेल्डर ट्रेडला आहे. दिवसा काही नसतं, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. कोणी बटाटा ठेव म्हणतं, कोणी दूध घाल म्हणतं. (विद्यार्थी, होटगी)

दूध नको, बटाटाही नको. आर्कच्या (वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीच्या) अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक थर भाजतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून दिवसा कळत नाही. डोळे चोळू नका, लेन्स असतील तर काढा, स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून मिटलेल्या पापण्यांवर ठेवा, अंधारात पडा आणि सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे जा. औषधाच्या दुकानातून डोळा बधिर करणारे थेंब आणून घालत बसू नका. त्यांनी दुखणं थांबतं, पण जखम भरायला जास्त वेळ लागतो. साधारण एक-दोन दिवसांत बरं वाटतं. तसं झालं नाही किंवा दिसणं अंधुक झालं, तर लगेच पुन्हा दाखवा.

दोष बहुतेकदा स्वतःच्या आर्कचा नसतोच. टॅक मारताना (तुकडे जागी धरायला छोटे टाके देताना) चेहऱ्यापुढची शील्ड जरा वर राहते, किंवा शेजारच्या बूथचा पडदा सरकलेला असतो आणि तिकडची आर्क बाजूने डोळ्यांत येते. ३.१५ मिमी रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअरवर शील्डमध्ये १० नंबरची काळी काच चालते. तडकलेली काच त्याच दिवशी बदलून मागा. स्लॅग (जोडावरची कडक खपली) फोडताना शील्ड वर गेली तरी साधा पारदर्शक गॉगल हवाच. उकाड्यात बाह्या दुमडल्या की मनगटं आणि गळा भाजतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. झालेला प्रकार निदेशकांना सांगून नोंद करवून घ्या.

प्रश्न : रात्री यंत्रमागावर काम करतो, सकाळचे तास बुडतात. हजेरीचं काय होईल? (विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. महिन्यात २५ दिवस वर्ग भरले, तर पाचाहून जास्त दिवस बुडता कामा नयेत. परीक्षेच्या तोंडावर डॉक्टरचा दाखला आणून हे भरून निघेल, अशा आशेवर राहू नका. तुमच्या ट्रेडची दुसऱ्या पाळीची तुकडी असेल आणि तिथे जागा असेल, तर बदलासाठी प्राचार्यांना आत्ताच लेखी अर्ज द्या. तशी तुकडी नसेल तर मालकाशी बोलून रात्रपाळी सोडवून घ्या, नाहीतर वर्ष जाईल.

प्रश्न : बार्शीहून रोज येतो. एसटीचा पास किती स्वस्त पडतो? (विद्यार्थी, बार्शी)

विद्यार्थी मासिक पासात भाड्याच्या साधारण एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. संस्थेच्या सही-शिक्क्याचा अर्ज, बोनाफाईड आणि फोटो घेऊन आगारातल्या पास खिडकीवर जा. अर्जावर थांब्याचं नाव नेमकं लिहा, नाहीतर वाहक वाटेत पुढचं तिकीट फाडायला लावतो.